तुऱ्याचं टोक

गाडीचं दार उघडलं आणि रूपालीच्या हातातला पेढ्यांचा पुडा गळून पडला. मागच्या सीटवरच्या टोपलीत कोंबडा मान टाकून पडला होता. काचा बंद, गाडी भर उन्हात. इतकं शिकून एवढीशी अक्कल नसावी! उन्हानं कोंबड्या कशा दगावतात, यावर हीच बाई बारडोलीजवळच्या कुक्कुट संशोधन केंद्रात व्याख्यानं द्यायची.

आणि परतीच्या वाटेवर थांबून पेढे कोणासाठी घेत होती? तर या कोंबड्याच्या मालकिणीसाठीच.

गेल्या वर्षी सुरतच्या लिंबायतमध्ये मानमोडीची साथ आली. गल्लीतल्या कोंबड्या पटापट मेल्या. सुंदराबाईंचा हा तांबडा कोंबडा तेवढा वाचला. रूपाली हरखली. "मावशी, याच्या रक्तातच काहीतरी आहे. सोमवारी येऊन रक्त नेते."

सोमवारी कोंबडा भलताच बिथरला होता. धरायला गेलेल्या सुंदराबाईंनाच त्यानं चोच मारली. मांजरानं पूर्वी कधीतरी तोडलेलं त्याच्या तुऱ्याचं टोक पुन्हा रक्ताळलं होतं. रूपालीनं त्याला हळद लावली.

पुढे त्याची पिल्लं केंद्रात वाढली. येत्या महिन्यात ती गल्लीतल्या बायांना वाटायची होती. ही जात मानमोडीला दाद देणार नाही, लसही नको, असं रूपाली सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसली होती.

वाटपाआधी एकदा तपासायला कोंबडा केंद्रात न्यायचा म्हटल्यावर सुंदराबाई कासावीस झाल्या होत्या. "दुसरा ने ना, माय. हाऊच कशाला?"

"हाच हवा, मावशी. सुखरूप परत आणते."

"येले जपजो हां," एवढंच म्हणून त्यांनी तोंड फिरवलं होतं. नवऱ्यामागे बाईंना तेवढीच सोबत.

आता रूपालीनं फोन लावला. खरं सांगायचं, पाय धरायचे, असं ठरवूनच लावला.

"निघालीस का, माय? भाकरी टाकू?" पलीकडून सुंदराबाई.

"निघाले, मावशी," ती म्हणाली आणि फोन ठेवून रडली. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

मग तिनं डोळे पुसले आणि गाडी वळवली. कडोदऱ्याला हमरस्त्यावर चंदू कोंबडीवाल्याचं दुकान होतं. मोबाइलमधला फोटो तिनं त्याच्यापुढे धरला.

"अस्साच हवा."

चंदूनं पिंजऱ्यात हात घालून एक बाहेर काढला. तांबडा, काळी शेपटी, तीच ऐट.

"तुरा अख्खा आहे याचा," रूपाली पुटपुटली.

"मग कापू ना!" चंदूनं कात्री उचलली.

नको म्हणायला हवं होतं. तिनं फक्त डोळे मिटले. कोंबडा कर्कश ओरडला.

कात्री पुसता पुसता चंदू हसला. "काय गंमत आहे, बेन! गेल्या वर्षी साथ होती ना, तेव्हा लिंबायतची एक मावशी आली होती. तिलाही अस्साच पाहिजे होता, तुऱ्याचं टोक कापलेला. तिचा मानमोडीत गेला म्हणे, आणि सोमवारी कुणी डॉक्टरीण त्याचं रक्त न्यायला येणार होती."