डावीकडचा स्पीकर

"दोन्ही स्पीकर डाव्या दारात? स्टिरिओ असा बसवत नाहीत, काका," निसार म्हणाला. "उजवीकडे एक हवाच."

"उजवीकडे मी आहे की," मोडककाका म्हणाले.

उघड्या टपाच्या त्या जुन्या गाडीत आजवर साधा रेडिओही नव्हता. शेजारी बसून काकूच वाऱ्यावर आवाज चढवून अखंड बोलायच्या. चैत्रात त्या गेल्या, तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती.

निसारनं कुरकुरत डाव्या दाराला भोकं पाडली, वायरी जोडल्या आणि विचारलं, "कुठलं गाणं लावू?"

"गाणं नको. कुणीतरी बोलत असेल ते लाव."

रेडिओवर बाजारभाव चालू होते. आवाज मोठा करून काका निघाले. रंकाळ्याच्या रस्त्यानं गुळाचे, हळदीचे दर डाव्या कानावर आदळत राहिले आणि काका मधूनमधून "हं, हं" करत राहिले.

सिग्नलला गाडी थांबली. शेजारच्या रिक्षातल्या बायका वळून बघायला लागल्या. घरातलं बोलणं रस्त्यावर नको म्हणून काकू सिग्नलला नेहमी कुजबुजायच्या.

काकांनी बटण फिरवून आवाज अगदी कमी केला. मग ऐकण्यासाठी डावीकडे मान झुकवली.