पनागरची लाईन

नातीनं, दुर्वानं, मोबाईलवर जुन्या मोडेमचा किर्रर्र-खर्रर्र आवाज लावला, तसे सूर्यकांत आजोबा खुलले.

"आमच्या बँकेचा एकुलता एक कॉम्प्युटर जबलपुरात. शाखांचे टर्मिनल त्याला फोनच्या लाईनवरून जोडायचो. सगळ्यात खराब लाईन पनागरची. रोज तुटायची!"

तेव्हा पनागरच्या टर्मिनलवर बसणारी कुमुद आजी हसली. "लाईन चांगली होती. मीच मधात फोनचा रिसीव्हर उचलत होती. लाईन तुटली की विचारायला यांचा फोन यायचा ना!"

"अच्छा! म्हणजे आजोबा, आजीनं तुम्हाला मस्त बुद्धू बनवलं!"

आजोबा शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "रांझी शाखेची लाईन तुटली की फोन शिपाई करायचा. पनागरचा मी कोणाला करू दिला नाही."