चारशे दोन

चांदबीला चार पायऱ्या चढतानाही धाप लागली. लिफ्टपाशी खुर्ची होती, अश्विनीने तिला तिथे बसवलं.

"हॉस्पिटल इथून किती लांब?" मेहरीनने विचारलं.

"मागच्या गेटमधून पाच मिनिटं."

मेहरीनने आईकडे पाहिलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि तिन्ही वेळा नेवाशाहून शिर्डीपर्यंत एसटीचे धक्के. चारशे दोन नंबरच्या फ्लॅटमधले कारभारी गुरुजी त्याच हॉस्पिटलात तपासणीला जायचे, तिथे त्यांची या मायलेकींशी ओळख झाली होती. आपण जागा सोडून देवळाली प्रवराला लेकीकडे निघालोय, असं त्यांनीच सांगून दोघींना इथे पाठवलं होतं.

चांदबीने फ्लॅट पाहिला. बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "हवा चांगली हाय."

मधुमालती रेसिडेन्सीत चाळीस फ्लॅट. सगळे भाड्याचे. हॉटेलातले मॅनेजर, विमानतळावरचे कर्मचारी, दोन-तीन शिक्षक. जाहिरातीपासून गळक्या नळापर्यंत सगळं अश्विनी बघायची. मालक कल्याणशेठ संगमनेरला असायचे. तिने त्यांना फोन लावला.

"नाव काय म्हणालीस?" शेठनी विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

"नको. बाकीचे भाडेकरू कुरकुर करतात."

"कोणीच कुरकुर केलेली नाही, शेठ."

"मी करतोय ना! आणि हे बघ, दिवाळीपर्यंत तो फ्लॅट भरला नाही तर मी दुसरा मॅनेजर बघेन."

"ठीक आहे शेठ," अश्विनी म्हणाली. मायलेकींना तिने मान खाली घालून सांगितलं. निघताना चांदबीने अश्विनीच्या गालावरून हात फिरवला.

गुरुजींनी जागा रिकामी केली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अश्विनी कामाला लागली. फ्लॅटला रंग काढला. पडदे लावले, व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर टाकला, बसस्टँडजवळ बोर्ड लावला. आठवड्याभरात सहा जण बघून गेले.

पण तेवढ्यात कुठून तरी बातमी आली. कारभारी गुरुजी म्हणे लेकीकडे गेले आणि आठ दिवसांत वारले. जीव मात्र त्यांचा चारशे दोनमध्येच अडकलाय. तिन्हीसांजेला आत काठीचा आवाज येतो.

"म्या सोता ऐकलं, म्याडम," वॉचमन बिभीषण म्हणाला. "टक, टक, टक. लई येळ."

"गुरुजींना फोन लावून बघितला," अश्विनी म्हणाली. "बंद लागतोय."

पुढच्या गिऱ्हाइकाला, ओंकार नावाच्या हॉटेलातल्या शेफला, तिने दारातच सांगितलं, "लोक या फ्लॅटबद्दल काय बोलतात ते आधीच सांगते. नंतर खालून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं." ओंकारच्या बायकोने चप्पलसुद्धा काढली नाही.

शेठना हे कळलं तेव्हा ते चिडले. "तू कशाला सांगतेस?"

"आज लपवलं आणि उद्या कोणी घाबरून पळालं, तर आख्खी बिल्डिंग बदनाम होईल. मग एका फ्लॅटवर भागणार नाही."

शेठना ते पटलं. तिने शांतीची पूजा सुचवली, तीही पटली. पूजा दणक्यात झाली. बाकीच्या एकोणचाळीस घरांतली माणसं जेवायला होती. ज्यांना काठीचा आवाज माहीत नव्हता, त्यांनाही पंगतीत माहीत झाला.

अश्विनी हटली नाही. रोज फ्लॅट झाडून घ्यायची, तिन्हीसांजेला एकटीच आत जाऊन उदबत्ती लावायची, येईल त्याला तेवढ्याच उत्साहाने स्वयंपाकघर दाखवायची. दसऱ्यापर्यंत एकोणीस जण आले नि गेले. मग चारशे एकमधल्या सुनीलने जागा सोडायची नोटीस दिली. शेजारी रिकामं घर, पोरं घाबरतात, म्हणाला.

त्या दिवशी शेठ स्वतः आले. चौथ्या मजल्यावर मात्र गेले नाहीत.

"कोणालाही दे," ते म्हणाले. "कोणी तरी तिथे राहून दाखवलं पाहिजे. नाही तर एकेक करून सगळे जातील."

"कोणालाही?"

"किती वेळा सांगू? कोणालाही!"

"मग तसा मेसेज टाका, शेठ. नंतर घोळ नको."

शेठनी तिच्यासमोरच मेसेज टाकला. तिने तो वाचला आणि मेहरीनला फोन लावला.

या खेपेलाही तिने दारातच काठीचं सांगितलं. मेहरीनने घाबरून आईकडे पाहिलं. चांदबी हसली.

"आठवड्यातनं तीनदा मशीनवर पडते मी, बेटा. म्हातारा आला तर चहा पाजीन त्याला."

करार झाला, पोलीस ठाण्यात भाडेकरूंची नोंद झाली, सामान टेम्पोतून आलं. दहा दिवस झाले तरी चांदबीला काही ऐकू आलं नाही. उलट चारशे एकमधली पोरं तिच्याकडे शेवया खायला जाऊ लागली. सुनीलने नोटीस मागे घेतली.

दिवाळीच्या आधी शेठ मिठाई घेऊन आले आणि थेट चौथ्या मजल्यावर गेले. चांदबीने केलेला चहा पिऊन खाली आले.

"माणसं चांगली आहेत गं," जरा ओशाळून ते अश्विनीला म्हणाले. "आणि तुझी कमाल आहे. भुताचा फ्लॅट भरून दाखवलास!"

शेठची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत अश्विनी दारात उभी होती. मग ऑफिसात येऊन तिने दार लावून घेतलं आणि देवळाली प्रवराचा एक नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"झाली का गं चांदबीची सोय?" कारभारी गुरुजींनी विचारलं. "मग आता मी शिर्डीच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला आलो तर चालेल ना?"