सोमवारचा कार्व्हर

"आधी कॉफी आण, मग देवाचं बोलू," सोफ्यावर पाय पसरत कार्व्हर म्हणाला.

थेरन योर्गेन्सन टाय सावरत हसला. यूटा राज्यातल्या या सॅनपीट खोऱ्यात चर्चला कॉफी वर्ज्य होती, तिथे जाणाऱ्या घरांत कॉफीचा दाणाही सापडायचा नाही. त्याने गरम चॉकलेटचा कप पुढे केला. कार्व्हरने तो हुंगून नाक मुरडलं, आणि धाकटी बहीण मार्ली हसून लोटपोट झाली.

कार्व्हर म्हणजे थेरनचे वडील, लामार. दर सोमवारी संध्याकाळी सगळं कुटुंब घरीच एकत्र बसायचं. प्रार्थना झाली की लामार ट्रक चालवणारा, देवबिव न मानणारा कार्व्हर व्हायचे. थेरनने दार वाजवून आत यायचं आणि त्याला धर्म समजावायचा. धर्मप्रसाराच्या मिशनवर निघालेल्या पोराची ही तालीम होती. त्याला दोन वर्षांसाठी पॅराग्वेला जायचं होतं, आणि तिथे अशी दारं रोजच वाजवायची होती.

तालमीला वेळ काढायचा म्हणजे कसरतच. कॉलेज होतं, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. वर बँजो, पाळलेली कबुतरं आणि शनिवारी दोराला लटकून कडे चढणं. एक ना धड भाराभर चिंध्या, असं शेजारी चिडवायचे. थेरनचा मात्र प्रत्येक चिंधीवर जीव होता.

एका गोष्टीसाठी तो झुरत होता. मिशनवर निघण्याआधी बाप मुलाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून देवाच्या नावाने आशीर्वाद देतो. त्याच्या सगळ्या मित्रांना तो मिळाला होता. थेरनने विषय काढला की लामार म्हणायचे, बघू, घाई काय आहे.

या छंदांपायी आपलं चित्त थाऱ्यावर नाही हे बाबांना दिसतंय, असा अर्थ थेरनने काढला. त्याने बँजो चुलतभावाला देऊन टाकला.

पुढच्या सोमवारी कार्व्हरने विचारलं, देव सगळ्यांचं ऐकतो म्हणतोस, मग गावातल्या टर्की पक्ष्यांच्या शेडला आग लागली तेव्हा कोणाचं ऐकत होता? थेरनने चर्चच्या वर्गात शिकवलेलं उत्तर दिलं. ते त्याच्याच कानाला पोकळ लागलं. त्या आठवड्यात कडे चढायचे दोरही गेले, आणि शनिवारी तो धर्मग्रंथ उघडून बसू लागला.

बाबांना हे प्रश्न सुचतात तरी कुठून, याचं त्याला भारी कुतूहल वाटे. त्याने गावातलं चर्च सांभाळणाऱ्या बिशपना विचारलं. असले प्रश्न आपल्याला दोन वर्षांच्या मिशनमध्येही कोणी विचारले नव्हते, असं ते म्हणाले. तुझा बाप वेगळ्याच मातीचा आहे, रविवारी व्यासपीठावरून त्याच्यासारखं बोलणारा आपल्या चर्चमध्ये दुसरा नाही, असंही म्हणाले. थेरनची छाती फुगली.

मग एका सोमवारी कार्व्हर हळू आवाजात म्हणाला, "माझा एक सोबती होता. आजारी पडला. तुमच्यातल्याच एकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तू बरा होशील. महिन्याभरात त्याला पुरलं. मग ते हात देवाचे होते, की नुसते त्या माणसाचे?"

ओव्हनमधले बटाटे बघायला आई उठून गेली. थेरनने ग्रंथाची पानं उलटली, पुन्हा उलटली.

"मला याचं उत्तर येत नाही," तो शेवटी म्हणाला. "शोधून सांगतो."

कार्व्हरने मान डोलावली. बाकीचे लोक लगेच सांगून मोकळे होतात, असं तो म्हणाला.

थेरनने खूप शोधलं. कबुतरंही शेजारच्या गावी पोचवून आला. रिकाम्या खुराड्याकडे बघवेना, तेव्हा पाठमोरा बसून वाचत राहिला.

निघण्याआधीचा शेवटचा सोमवार आला. दार वाजवून तो आत आला आणि उभ्या उभ्याच बोलला.

"कार्व्हरसाहेब, ते हात कोणाचे होते हे मला सापडलं नाही. पण माझ्या डोक्यावर येणारे हात देवाचे आहेत का, हे मी विचारणार नाही. मला ते बाबांचे हवेत."

लामारनी कप खाली ठेवला. आईने एक खुर्ची खोलीच्या मधोमध आणली. थेरन बसला, त्याने डोळे मिटले. वडील मागे येऊन उभे राहिल्याचं त्याला कळलं. त्यांचे हात केसांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. तो वाट बघत राहिला. आईला हुंदका आला. मग पावलं वाजली, आणि सोफा करकरला.

थेरनने डोळे उघडले. लामार कार्व्हरच्या जागी जाऊन बसले होते.

"बाबा, तालीम झाली ना," थेरन म्हणाला. "आज तरी हे नाटक नको."

"सोमवारी मी कधीच नाटक केलं नाही, बाळा," लामार म्हणाले. "नाटक मी रविवारी करतो."