अमावस्येला सरकणारं टेबल

"पंखा नको म्हटलं की," क्रांती म्हणाली. "मशीनचं इलेक्ट्रिक पॅनेल बंदिस्त पायजे. दाराला कुलूप आणि वर एसी."

शिवकुमारनं हातातला टेस्टर खाली ठेवला. जुन्या मशीनला नवा कंट्रोल आणि मोटरीला करंट पुरवणारे नवे ॲम्प्लिफायर बसवून देणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक स्वस्तात भागवा म्हणून मागं लागतं, असा त्याचा आजवरचा अनुभव. इथं उलटंच चाललं होतं.

"वहिनी, एका मिलिंग मशीनला एवढा थाट कशाला? मोटरीच्या मापाचा ॲम्प्लिफायर बसवू, पंखा चांगला लावू. झालं."

"मापापेक्षा मोठा बसवा. कितीबी राबवला तरी तापाय नको."

उचगावच्या या शेडमध्ये पंखा म्हणजे पॅनेलचं दार सताड उघडं टाकून समोर उभा केलेला स्टँडचा पंखा. कोल्हापुरातली निम्मी जुनी मशीनं अशीच गार होतात. मग शेजारच्या फौंड्रीची काळी धूळ आत जाते, ॲम्प्लिफायर जळतो आणि शिवकुमारला फोन येतो. त्याचं घर या पंख्यांवरच चालायचं म्हणा ना! त्यामुळं बंद पॅनेलची मागणी शहाणपणाचीच होती. पण वहिनींच्या बोलण्यात शहाणपणापेक्षा घाई जास्त होती.

घाई का, ते त्याला नाक्यावरच्या चहावाल्यानं आधीच सांगितलं होतं. मशीन झपाटलेलं होतं.

क्रांतीचा नवरा उदयसिंह याच मशीनवर गेला. खंडेनवमीची पूजा चालली होती. या घरात चालू मशीनची पूजा करायची रीत. बंद यंत्राला काय ओवाळायचं, असं त्याची आई धोंडुबाई म्हणायची. उदयसिंह वाकून हळदकुंकू वाहत होता आणि कुणी बटणाला हात लावला नसताना मशीनचं जड लोखंडी टेबल झटक्यात सरकलं. तो टेबल आणि मशीनच्या खांबामध्ये चिरडला. तेव्हापासून दर अमावस्येला धोंडुबाई चालू मशीनपुढं दिवा लावायची आणि दिवा लावला की टेबल आपोआप हलायचं. उचगावात लहान पोरालाही हे ठाऊक होतं.

"तुमचा विश्वास हाय यावर?" शिवकुमारनं विचारलं.

"हाय. ते येतात."

"तुम्ही पॉलिटेक्निकला शिकलेल्या."

"शिकलं म्हणून माणूस यायचा थांबतो व्हय?" ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली. "नवा ॲम्प्लिफायर बसला की आमच्या सासूबाईंना एवढंच सांगा, उदय शांत झाला. बाकी काय बोलू नका."

शिवकुमारला तिची कीव आली आणि थोडा रागही आला. एवढी हुशार बाई, सगळा कारखाना एकटी सांभाळते, आणि भुताला बिलगून बसली आहे. त्यात आजच अमावस्या होती. जुना ॲम्प्लिफायर उतरवायच्या आधी एकदा बघूनच घेऊ, असं त्यानं ठरवलं.

जेवणवेळेला कामगार बाहेर गेले आणि धोंडुबाई पूजेचं ताट घेऊन आली. पार वाळून गेलेली म्हातारी, पण चाल ताठ.

"बसा पावणं. बघा, आज यील माझा उदय," ती म्हणाली. "रागावलंय लेकरू. कशापायी, तेवढं कळंना झालंय मला. कुठं चुकलं माझं? घास गोड लागत न्हाय बघा."

तिनं समई लावली. पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत विझली. तिनं सवयीनं पंख्याचं बटण दाबलं, पंखा थांबला आणि दुसऱ्यांदा लावलेली ज्योत सरळ उभी राहिली. तिघंही मागं सरून थांबली. शेडमध्ये मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

बऱ्याच वेळानं टेबल हललं. आधी मुंगीच्या पावलानं, मग एकदम हिसडा देऊन.

"आलास बाळा?" धोंडुबाईनं हात जोडले.

खोटं कशाला सांगा, शिवकुमारचे पाय दाराकडं वळले होते. पण सवयीनं त्याचा हात पॅनेलमधल्या ॲम्प्लिफायरवर गेला आणि चटका बसून मागं आला. त्याला सगळं उलगडलं. तो चक्क हसला.

"भाऊ, राहू द्या," क्रांती पटकन म्हणाली. "चला, चहा घेऊ."

"थांबा की वहिनी. मावशींना दाखवतो."

"नका दाखवू. पाया पडते तुमच्या."

पण म्हातारीचा झुरलेला चेहरा त्याच्यानं बघवेना. त्यानं पंखा लावला. समई विझली आणि ॲम्प्लिफायर निवल्यावर टेबल जागचं हललं नाही. त्यानं पंखा बंद केला, समई पुन्हा लावली, थांबला. टेबल सरकलं.

"मावशी, भूतबीत काय न्हाय," तो म्हातारीजवळ बसून म्हणाला. "हा ॲम्प्लिफायर लई जुना हाय. तापला की कुणी न सांगता मोटरीला करंट सोडतो. दिव्यासाठी तुम्ही पंखा बंद करता, म्हणून अमावस्येलाच टेबल हलतं. उदयसिंह रागावलेत असं मनात आणू नका. तुमचं काय बी चुकलेलं न्हाय."

धोंडुबाईनं ते नीट ऐकून घेतलं. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. शिवकुमारला धन्य वाटलं.

"म्हंजे पंखा चालू असला तर टेबल हलतच न्हाय?"

"कधीच न्हाय, मावशी."

क्रांतीनं पदरात तोंड लपवलं.

म्हातारीची नजर पंख्यावर गेली. मग तिनं सुनेकडं पाहिलं.

"क्रांती, खंडेनवमीला बी दिवा इझाय लागला म्हणून पंखा मीच बंद केलता. तुला ठावं हुतं व्हय गं?"