घासलेला चेहरा

दुपारी एक विधवा बाई काळवंडलेलं नाणं घेऊन नाणेपारख्याच्या दुकानात आली. त्याने ते भिंगाखाली धरलं. राजाचा चेहरा पार घासला होता. नाक नाही, डोळा नाही.

"अगदी खालची प्रत आहे, ताई."

"पुन्हा बघा. माझे यजमान रोज बघत बसायचे."

त्याने पुन्हा पाहिलं. आता नाक दिसत होतं. उजेडाचा खेळ असेल म्हणून तो खिडकीशी गेला, तर पापणीसुद्धा उमटलेली. झिजलेलं नाणं कधी भरून येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी नजर हटेना.

"शेवटी शेवटी पोटची मुलंही त्यांना ओळखेनात," बाई म्हणाली.

पारख्याची बायको आतून पाणी घेऊन आली. त्याच्याकडे परक्यासारखं बघत तिने बाईला विचारलं, "आमचे हे कुठे गेले?"