बेटावरचं तिसरं घर

"काय घेतलं गं त्यांनी शेवटी?" दारात चपला काढता काढता काकासाहेबांनी विचारलं.

टीव्हीवर निळं पाणी होतं, नारळाची झाडं होती आणि एक परदेशी जोडपं लाकडी घराच्या ओट्यावर उभं होतं. चतुराबाई रोजच्यासारख्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर तुरीच्या शेंगांचं ताट. त्या काही बोलल्या नाहीत. काकासाहेबांनी तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा विचारलं. मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा ताट कलंडलं आणि शेंगा घरभर झाल्या.

त्या जोडप्यानं कोणतं घर घेतलं, ते काही कळलं नाही.

राख सावडून झाल्यावर अस्थींचं गाठोडं शेतातल्या लिंबाला बांधलं. चतुराबाईंचा धाकटा भाऊ भारत म्हणाला, "दाजी, उद्या गोदावरीला जाऊन येऊ. घनसावंगीहून जीप सांगितलीय."

"गोदावरीला न्हाई. समुद्रात सोडायच्या."

"कोणत्या समुद्रात?"

"टीव्हीतल्या."

भारतचं जालन्याला मस्तगडात प्रवासी गाड्यांचं ऑफिस होतं. काशी, तिरुपती, सगळीकडं त्यानं माणसं पाठवली होती. तो मेव्हण्याकडं बघतच राहिला.

"दाजी, डोकं ठिकाणावर हाय ना?"

"बिलकुल ठिकाणावर हाय. तुझी अक्का रोज दुपारी तेच बघत बसायची. तिला काय पाहिजे होतं ते मला जितेपणी कळलं न्हाई. आता तरी करू दे."

कार्यक्रम तसा साधा होता. थंड देशातलं एक जोडपं नोकरीला कंटाळायचं. बेटावर राहायला जायचं ठरवायचं. तिथं भुऱ्या केसांची एक बाई त्यांना तीन घरं दाखवायची. सगळे मराठीतच बोलायचे, अगदी शुद्ध; ओठ मात्र भलतेच हलायचे. पहिलं घर लहान निघायचं, दुसरं महाग, आणि तिसऱ्याच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. मग काही महिन्यांनी तेच जोडपं अनवाणी वाळूत हसत फिरताना दिसायचं.

काकासाहेब शेतातून लवकर आले तर शेवटचा तुकडा बघायचे. बायको मात्र एक दिवस चुकवायची नाही. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनचं काढलं की म्हणायची, "राहू द्या. ऐकू तर येतंय बराबर." एकदा काकासाहेबांनी थट्टेनं विचारलं होतं, "जायचं का आपण पण तिकडं? तू घर बघ, मी नारळ पाडतो." ती म्हणाली, "मला कुठं जायचंय? तुम्ही जरा गप बसा. ऐकू द्या."

बाईमाणूस तोंडानं मागत नसतं, असं त्यांना आता वाटत होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं घनसावंगी पाहिलं, जालना पाहिलं, संभाजीनगरचा दवाखाना पाहिला. गंधाली, त्यांची एकुलती एक मुलगी, मुंबईला शिकायला गेली तेव्हा सुट्टीत जाऊन समुद्र बघू असं ठरलं होतं. पण पोरगी शिक्षण सोडून नाटकात शिरली. काकासाहेबांनी तिला परत येऊ नको म्हणून सांगितलं, आणि चतुराबाईंचा समुद्र राहून गेला.

"ते सगळं बनवलेलं असतं," भारत समजुतीनं म्हणाला. "ती माणसं घर आधीच घेऊन बसलेली असतात. बाकीची दोन नुसती दाखवायला. आन् तिथं पाऊस नसतो का? डास नसतात का? कोणी आजारी पडलं तर दवाखाना कुठं हाय, हे एकानं तरी विचारलेलं बघितलं का तुम्ही?"

"न्हाई बघितलं." काकासाहेब म्हणाले. "एवढी माणसं गाव सोडून जाताना बघितली मी. पण त्यांचे आईबाप कधी दाखवत न्हाईत रे. मागं कोण राहिलं, ते कुठं बसतात, जेवतात का, काहीच न्हाई. विमान उडालं की लगेच समुद्र."

बहिणीची शेवटची इच्छा म्हटल्यावर भारतलाही जड झालं होतं.

"बरं," तो म्हणाला. "त्या बेटावर काय आपल्याच्यानं जाणं होत न्हाई. पण तसाच समुद्र इकडं कुठं असंल तर मी नेतो तुम्हाला. पाणी सगळं एकच. आधी मला बघू द्या तरी, अक्काला आवडायचं ते कसं हाय."

"दुपारी लागतं. थांब मंग."

दुपारी भारत टीव्हीसमोर बसला. काकासाहेबांनी कार्यक्रम लावून दिला आणि चहा ठेवायला आत गेले. चतुराबाई गेल्यापासून त्यांनी टीव्ही लावला नव्हता. जेवणही शेजारूनच येत होतं. साखर कुठं, पत्ती कुठं, त्यांना काही सापडत नव्हतं. ते फळीवरचे डबे एकेक उघडून बघू लागले.

"दाजी, हे तर लय भारी हाय हो!" बाहेरून भारत ओरडला. "ओट्यावरून खाली उतरलं की पाणीच!"

"अजून तिसरं घर यायचंय," काकासाहेब आतून म्हणाले. "ते बघ."

डबे हुडकता हुडकता त्यांना पत्ती सापडली. पाण्याला उकळी आली होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"अहो, या ना लवकर! किती वेळ लावता?"

"आलो गं, गंधाली," काकासाहेब म्हणाले, आणि त्यांचा हात डब्यातच राहिला.

त्यांनी गॅस बंद केला. पाणी निवत गेलं. घराच्या खिडक्या किती मोठ्या आहेत, सकाळचं ऊन कुठून येतं, हे बाहेर भुऱ्या केसांची बाई समजावून सांगत होती. काकासाहेबांनी डोळे मिटले आणि पुढचं प्रत्येक वाक्य ऐकलं. चूक होत नव्हती. आवाज गंधालीचाच होता.

आई गेल्याचं तिला अजून कोणी कळवलं नव्हतं.